एक देशी कुत्री, दोन ससे आणि एक फ्लॅट: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात आई-वडील, आजी, नोकरी करणारा मुलगा आणि चिंगी नावाची चार वर्षांची देशी कुत्री. मे महिन्यात मुलाचं लग्न झालं. सुनेकडे माहेरी दोन ससे होते: भुरी ही मादी आणि काजू हा नसबंदी झालेला नर. दोघंही तीन वर्षांचे, दोन-दोन किलोंच्या आसपासचे, आणि एकमेकांशिवाय न राहणारे. जूनच्या सुरुवातीला ते सासरी आले. (प्राण्यांची नावं बदलली आहेत.)

मी कुत्र्यांच्या वर्तनाबद्दल सल्ला देते. या घरातून मला फोन आला तेव्हा ससे येऊन तीन-चार दिवस झाले होते आणि भुरी एकदा डॉक्टरांकडे जाऊनही आली होती.

चिंगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मली, दोन महिन्यांची असताना घरात आली. वजन सतरा किलो. पाहुण्यांवर भुंकत नाही, शेजारची लहान मुलं अंगावर लोळली तरी हूं की चूं करत नाही. ‘गरीब गाय आहे हो आमची,’ आजी म्हणाल्या. माणसांच्या बाबतीत ते अगदी खरं होतं.

पहिल्या भेटीत मी प्रत्येक घरी विचारते तेच इथेही विचारलं: हिने कधी उंदीर, खार, मांजर, कबुतर यांच्या मागे धाव घेतली आहे का? पकडलं आहे का? पकडल्यावर काय केलं? आधी सगळ्यांनी नाही म्हटलं. मग वडिलांना आठवलं, मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये तिने एक मोठी घूस मारली होती. मानेला धरून झटके दिले आणि टाकून दिली. वॉचमनने कौतुक केलं होतं, त्यामुळे घरात ती गोष्ट चिंगीच्या जमेच्या बाजूला धरली गेली होती.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती. कुत्र्याचं शिकारी वर्तन ही एक साखळी असते: हेरणं, रोखून पाहणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी जाती तयार करताना या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही दाबल्या. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीमध्ये रोखून पाहणं आणि दबकणं जोरदार असतं, पण पकडून मारणं दाबलेलं असतं. बीगल सशाच्या मागावर जाण्यासाठीच घडवलेला. आपल्याकडचा कारवान तर माळावर ससा पळवून धरण्यासाठीच पाळला गेला. देशी कुत्र्यात असं काही दाबलेलं नसतं. चिंगीने घुशीवर ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत पुरी केली होती. कुत्री मुलांशी प्रेमळ असणं आणि तिच्यात ही साखळी शाबूत असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही एकाच कुत्रीत सुखाने नांदतात.

अडचण

ससे आले त्याच संध्याकाळी घरच्यांनी ‘ओळख’ करून दिली आणि तिचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मला तो दाखवला तो ‘बघा ना, सगळं किती छान झालं होतं’ म्हणून.

व्हिडिओ मिनिटभराचाही नाही. सून सोफ्यावर बसली आहे, भुरी तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मुलगा चिंगीला गळ्यातल्या पट्ट्याने धरून पुढे आणतो. चिंगीचं तोंड उघडं आहे, जीभ बाहेर. भुरी दिसते आणि ते तोंड मिटतं. कान पुढे येतात. शेपूट पाठीच्या रेषेत ताठ होते, फक्त टोक किंचित हलत राहतं, आणि ते हलतंय म्हणून घरच्यांना ती खूश वाटली. वजन पुढच्या पायांवर, उजवा पंजा जमिनीवरून उचललेला, पापणी लवत नाही. मुलगा दोनदा हाक मारतो, नाकासमोर बिस्किट धरतो. एरवी बिस्किटासाठी जीव टाकणारी चिंगी बिस्किटाच्या पलीकडे पाहत राहते. मागून आजींचा आवाज येतो: ‘अगं, काही करत नाही ती. बघ कशी शांत उभी आहे.’

भुरीही शांत आहे. कान पाठीला चिकटलेले, अंग आखडलेलं, डोळे इतके विस्फारलेले की पांढरी कड दिसते, कुशी भराभर खालीवर होतायत.

दोन्ही बाजूंची ही शांतता घरच्यांनी समजूतदारपणा म्हणून वाचली. कुत्रीची शांतता ही रोखून पाहण्याची होती, म्हणजे साखळीची दुसरी कडी; तिसरीची सुरुवात त्या उचललेल्या पंजात दिसते. सशाची शांतता ही थिजण्याची होती. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोर आणि हनुवटीखाली दिसत नाही. चिंगीचं नाक नेमकं तिथे आलं. त्यात चारही पाय जमिनीवरून उचललेले आणि अंग घट्ट धरलेलं. भक्ष्य म्हणून जगणाऱ्या प्राण्यासाठी याचा अर्थ ‘पकडला गेलो’ एवढाच होतो. अशा वेळी ससा मागच्या पायांनी जोरात झाडला तर स्वतःच्याच झटक्याने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो, कारण त्याचे मागचे पाय दणकट आणि हाडं फार हलकी असतात. भुरी झाडली नाही हे नशीबच.

त्या रात्री भुरीने गवताला तोंड लावलं नाही. सकाळी तिच्या लेंड्या जेमतेम चार-पाच होत्या, हरभऱ्याऐवजी मिरीएवढ्या. कोथिंबीर पुढे केली तर तिने तोंड फिरवलं आणि पोट जमिनीला दाबून कोपऱ्यात बसली. सुनेला ससे सांभाळण्याचा अनुभव होता, तिने वेळ घालवला नाही. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. भीती, वेदना किंवा अपुऱ्या गवतामुळे ते मंदावलं की तो खाणं सोडतो, आणि खाणं सोडलं की ते आणखी मंदावतं. दहा-बारा तास काही न खाल्लेला ससा ही तातडीने डॉक्टर गाठायची वेळ असते, संध्याकाळपर्यंत थांबायची नव्हे. डॉक्टरांनी आतड्यात अडथळा नाही हे पाहून सलाइन आणि वेदनाशामक दिलं, सिरिंजने पातळ खाद्य भरवायला शिकवलं. दोन दिवसांत भुरी पूर्ववत खाऊ लागली.

चिंगी मात्र तेव्हापासून ससे ठेवलेल्या बेडरूमच्या बंद दारापाशी बसून होती. दाराखालच्या फटीला नाक लावून, जेवणही टाकून.

समोरचे पर्याय

आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. आजींना मुद्दाम बसवलं, कारण दिवसभर घरात त्याच असणार होत्या.

ससे माहेरी परत पाठवावेत, हा पहिला विचार. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने स्वतःच तो मांडला होता. माझ्या मते तो पर्याय खरा होता आणि त्यात कमीपणा काही नव्हता. अडचण अशी की माहेरी आता त्यांची देखभाल करणारं कुणी नव्हतं. चिंगीला गावच्या घरी ठेवावं, असं वडील म्हणाले. चार वर्षं माणसांत वाढलेल्या कुत्रीला मोकळ्या गावात सोडणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. हा पर्याय मी स्पष्ट शब्दांत नाकारला.

मुलाच्या मित्राने सुचवलं होतं की शॉक देणारा पट्टा लावा, सशाकडे पाहिलं की झटका. याला मी कुठल्याही घरात तयार होत नाही. सशाकडे पाहिलं की दुखतं, हे कुत्रीने शिकलं तर सशाविषयीचा ताण वाढतो. तो बाहेर दिसेनासा होतो एवढंच. शिकारीच्या भरात असलेली कुत्री वेदनेला जुमानत नाही, हा भाग वेगळाच. ओरडण्याचंही तेच. ‘राहू द्या समोरासमोर, होईल सवय’ हा शेजाऱ्यांचा सल्ला तर भुरीच्या आतड्यांनी आधीच निकालात काढला होता.

उरले दोन. एक, कायमची ताटातूट: ससे एका खोलीत, कुत्री बाकीच्या घरात, कधीच भेट नाही. दोन, त्याच ताटातुटीच्या पायावर हळूहळू ओळख, आणि तीही मर्यादित उद्दिष्टाने.

उद्दिष्टावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. सुनेच्या मनात चित्र होतं की तिघं एका गालिच्यावर झोपलेत. मी सांगितलं, ते चित्र बाजूला ठेवू. आपल्याला हवंय ते एवढंच: कुत्री दिसत असताना ससा निवांत गवत खातोय, आणि ससा दिसत असताना कुत्री मान फिरवून आपल्या माणसाकडे पाहतेय. हे साधलं तर घर चालतं. आणि दोन महिन्यांत चिंगीला दहा फुटांवरूनही नजर काढता आली नाही, तर कायमची ताटातूट, पुन्हा चर्चा नाही. ही अट कागदावर लिहून फ्रिजवर लावली. आशा आणि लळा यांच्या भरात अशा अटी विरघळतात, म्हणून त्या आधी लिहाव्या लागतात.

काय केलं: दार

सुरुवात फॅब्रिकेटरपासून झाली. बेडरूमच्या लाकडी दाराच्या चौकटीत बाहेरच्या बाजूने चार फुटी लोखंडी फाटक बसवलं, त्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. बाजारात लहान मुलांसाठी मिळणाऱ्या गेटच्या गजांमधून चिंगीचं नाक आत गेलं असतं, आणि प्लॅस्टिकची जाळी काजूने एका रात्रीत कुरतडली असती. खालची फट बोटभर. कडी वर, बाहेरच्या बाजूला. रात्री आणि घरात कुणी नसताना फाटक आणि लाकडी दार दोन्ही बंद. दिवसा उकाड्यात लाकडी दार उघडं ठेवता येतं, हा जाळीचा दुसरा फायदा. तिशीच्या वरचं तापमान सशांना सोसत नाही, आणि जूनमध्ये पहिले दोन पाऊस होईपर्यंत बंद खोली तापतेच.

खोलीच्या आत सशांना लपायला जागा केली. पाळीव ससा मूळचा युरोपातला, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या जातीचा. आपल्या शिवारातला ससा वेगळा. तो बीळ करत नाही, धोका दिसला की धूम ठोकतो, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. घरातल्या सशाला मात्र घाबरल्यावर शिरायला बीळ लागतं. म्हणून पुठ्ठ्याची दोन मोठी खोकी, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे आत अडकल्यासारखं होत नाही. गवताचा ढीग आणि लिटर ट्रे फाटकापासून लांबच्या भिंतीला.

जाळीवर सुरुवातीला जुनी चादर बांधली. दिसायचं नाही, फक्त वास आणि आवाज. सशांच्या अंगाखालचा टॉवेल चिंगीच्या जेवणाच्या भांड्यापाशी, चिंगीच्या अंथरुणाचा तुकडा सशांच्या खोक्याशेजारी. पहिल्या दिवशी भुरीने त्या तुकड्यापाशी मागचा पाय दाणकन आपटला. मग तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि आठवडाभर रोज थोडा थोडा जवळ आणला. सुनेने त्या काळात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांचं वजन आणि रोजच्या लेंड्यांचा अंदाज वहीत लिहायला सुरुवात केली. ही वही पुढे आमचा खरा न्यायाधीश ठरली.

काय केलं: नजर

पहिला निर्णायक प्रश्न, चादर कधी काढायची? मुलगा चिंगीची तयारी झाली की काढू म्हणत होता. ती आता दारापाशी बसत नव्हती. मी सांगितलं, भुरीचं वजन आजारपणाआधीच्या आकड्यावर येऊन आठवडाभर टिकू द्या, मगच. घाई नेहमी कुत्र्याच्या बाजूने होते, कारण कुत्रा आपल्याला उतावीळपणा दाखवतो आणि ससा त्याची भीती पोटात ठेवतो.

चादर काढली तेव्हा चिंगी लांब फिरून, जेवून आलेली होती. गळ्यात पट्टा नाही, छातीवर हार्नेस. सहा फुटी साधी दोरी मुलाच्या हातात. लांबणारी-आखडणारी दोरी मी बाद केली, ती झेप अडवत नाही. हॉलमध्ये दोन फुटी फरश्या आहेत, त्यांनी अंतर मोजायचं ठरलं. पहिल्या दिवशी सात फरश्या. चिंगीने सशाकडे पाहिलं की मुलगा ‘हां’ म्हणायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा मागच्या बाजूला धरायचा. तुकडा घ्यायला तिला मान वळवावी लागे. पाहिलं, वळली, मिळालं. चार-पाच दिवसांत ती आपणहून पाहून वळू लागली. सशांकडे त्याच वेळी सून मेथी आणि दूर्वा घेऊन बसायची. कुत्री दिसली की मेथी, कुत्री गेली की मेथीही गेली.

थांबायची खूण दोन्हीकडे ठरलेली होती. चिंगीने चिकन नाकारलं, तोंड मिटून टक लावली, किंवा हाकेला कानही हलवला नाही, तर दोन फरश्या मागे. भुरी किंवा काजूचं चावणं थांबलं तरी दोन फरश्या मागे. तोंडात मेथीची काडी अडकून राहिली आहे आणि जबडा हलत नाही, एवढी खूण पुरेशी होती. पाय आपटण्यापर्यंत पाळी येऊ द्यायची नाही.

याच काळात चिंगीला जाळीदार मझलची सवय लावली. मझलला आतून दही चोपडायचं आणि तिला स्वतःहून नाक घालू द्यायचं. आजींनी हे काम अंगावर घेतलं आणि फार उत्तम केलं. आधी ‘मुस्कं काय बांधताय मुक्या जिवाला’ म्हणणाऱ्या आजींकडेच चिंगी मझल पाहून शेपूट हलवत यायला लागली.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पावसाळा सुरू झाला, गोचीड वाढले. चिंगीला दरवर्षी मानेवर औषधाचे थेंब टाकत. मी बाटली मागवून पाहिली: फिप्रोनिल. कुत्र्याला चालणारं हे औषध सशांना विषारी आहे, जीवघेणंही ठरतं. औषध लावलेल्या कुत्र्याचं अंथरूण, टॉवेल, तिच्या अंगाला लागलेले हात, आणि पुढे कधी सशाने तिला चाटलं तर तिचे केस, सगळ्यातून ते पोचू शकतं. त्यांच्या डॉक्टरांनी त्याऐवजी चिंगीला गोचिडांवरची पोटात घ्यायची गोळी सुरू केली. घरातली बाटली टाकून दिली, कारण कपाटात राहिलेली बाटली कुणीतरी कधीतरी ‘सशालाही लावू’ म्हणून काढतंच.

दोन अडथळे

जुलैत कामाला येणाऱ्या मावशींनी लादी पुसताना फाटक उघडं ठेवलं. चिंगी उंबऱ्यापर्यंत आली, थिजली, दबकली. मावशींनी तिच्यापुढे पोछा आडवा धरला आणि पायाने फाटक लोटलं. कुणालाही काही झालं नाही. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, मला कुणी काही बोललंच नव्हतं. आधी सांगायचंत ना.’ अगदी बरोबर होतं त्यांचं. घरातल्या प्रत्येकाला नियम सांगितले गेले होते, रोज ते दार उघडणाऱ्या बाईंना सोडून. त्या दिवसापासून नियम सोपा झाला: फाटकाच्या कडीला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, ‘चिंगी बांधली का?’, आणि उत्तर आल्याशिवाय उघडायचं नाही. फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावली. पुढे हा नियम सगळ्यात चोख पाळला तो मावशींनीच.

दुसरा अडथळा गणपतीचा. ऑगस्टपासूनच जवळच्या मैदानावर ढोल-ताशाचा सराव सुरू झाला. संध्याकाळी चिंगी धापा टाकायची, काजू पाय आपटायचा. याच सुमारास ती चार फरश्यांवर आली होती आणि मुलाला वाटत होतं आता थांबलो तर मिळवलेलं जाईल. दुसरा निर्णायक प्रश्न हा होता. वही पाहिली: भुरीचं वजन शंभर ग्रॅमने उतरलं होतं. दोन किलोंच्या प्राण्यात हे थोडं नव्हे. चिंगीचा सराव थांबवला, चादर पुन्हा बांधली, सशांची खोकी आतल्या भिंतीला नेली, आणि विसर्जन होऊन घर शांत होईपर्यंत काही केलं नाही. पुन्हा सुरू केलं तेव्हा चिंगी दोन दिवस सहा फरश्यांवर होती, तिसऱ्या दिवशी चारवर आली. थांबल्याने काही गेलं नव्हतं.

तिसरा निर्णय: मोकळी जमीन

ऑक्टोबरपर्यंत चिंगी जाळीपासून एका फरशीवर आपल्या सतरंजीवर पडून राहू लागली. जाळीपलीकडे काजू कुशीवर धपकन आडवा व्हायचा, पाय ताणून. ससा असं पडतो तेव्हा त्याला धोका वाटत नसतो. घरच्यांना आता फाटक उघडायचं होतं.

उघडलं, अटींसह. चिंगीच्या तोंडाला मझल, दोरी मुलाच्या हातात आणि त्याने ती सोफ्याच्या पायालाही बांधलेली. सशांनी स्वतःहून बाहेर यायचं, कुणी उचलून आणायचं नाही. त्यांची परत जायची वाट नेहमी मोकळी, चिंगी त्या वाटेत कधीच नाही. सुरुवातीचे दिवस फार छान गेले. ससे टेबलाखाली हुंगत फिरले, चिंगी सतरंजीवर, आळसावलेली.

मग एका संध्याकाळी काजूला उधाण आलं. ससे पहाटे आणि दिवेलागणीला सर्वाधिक चळवळे असतात. आनंदात ते सुसाट धावतात, हवेत उडी मारून अंगाला पीळ देतात. काजू हॉलभर तसा सुटला आणि चिंगी सतरंजीवरून दोरीच्या टोकापर्यंत एका झेपेत पोचली. भुंकली नाही, गुरगुरली नाही. दोरी आणि मझल दोन्ही होतं म्हणून काजू खोक्यात पोचला. त्या रात्री दोघंही ससे खात होते, एवढं पाहून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाभोवती बसलो. चार महिन्यांत चिंगी बसलेल्या सशाला सरावली होती. धावणारा ससा तिच्यासाठी अजून घूसच होता. यावर काम करता येतं. दोरीला बांधलेलं फरचं खेळणं लांबवर ओढत, हळूपासून वेगात, पुन्हा तीच पाहा-वळ-मिळव कवायत. आम्ही ती केली आणि तिच्यात फरक पडला. पण मी त्यांना सांगितलं की दोरीशिवाय या तिघांना एकत्र सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा चिंगी वळेल. उरलेल्या एका वेळेला दोन किलोंच्या सशाला दुसरी संधी मिळत नाही. कुत्र्याच्या एका पकडीने त्याची मान मोडते, आणि नुसतं दात लागले तरी त्या पातळ कातडीखाली जंतू पसरतात. मुलाला हे जड गेलं. त्याने चार महिने रोज मेहनत घेतली होती. सून म्हणाली, ‘मला गालिच्यावरचा फोटो नकोय आता. काजूला असं धावता आलं पाहिजे, बस.’

निष्पन्न काय झालं

आज फाटक तिथेच आहे. दिवसा जाळी बंद, लाकडी दार उघडं. दोन्हीकडचे एकमेकांना दिसतात आणि आपापलं चालू ठेवतात. चिंगी सकाळी फिरायला गेली की फाटक उघडून ससे हॉलमध्ये धावतात, संध्याकाळी तसंच. आठवड्यातून दोन-तीनदा, मोठी दोन माणसं घरात असताना, दोरी आणि मझलसह एकत्र वेळ, ससे दमल्यावर. एकदा भुरी चिंगीच्या सतरंजीच्या कडेपर्यंत गेली, चिंगीने मान फिरवली आणि उसासा टाकून हनुवटी पंजांवर ठेवली. मुलाने तिला चिकनची अख्खी वाटी दिली, आणि ती तिने कमावलेली होती.

भुरीचं आतडं त्यानंतर बिघडलेलं नाही. दिवाळीत फटाक्यांच्या चार रात्री खबरदारी म्हणून दोन्ही दारं बंद ठेवली.

मला हे यश वाटतं, पूर्ण यश. तीनही जीव त्याच घरात आहेत, तिघंही नीट खातात आणि झोपतात.

काय वेगळं करता आलं असतं

लग्नाची तारीख सहा महिने आधी ठरली होती. फाटक, मझलची सवय, सतरंजीवर पडून राहण्याचा सराव, वासाच्या टॉवेलची देवाणघेवाण, हे सगळं ससे येण्याआधी होऊ शकलं असतं. सुनेच्या माहेरून सशांचा एक टॉवेल कुरियरने आला असता तरी बरंच काम झालं असतं. पहिल्या संध्याकाळची भेट टळली असती तर चिंगीच्या मनात ससा म्हणजे ‘नाकासमोर धरलेली शिकार’ अशी पहिली नोंद झाली नसती. ती पुसायला सगळा पावसाळा गेला.

सशांचा डॉक्टरही आधीच शोधून ठेवायला हवा. सुनेला नाशिकचे डॉक्टर माहीत होते, पुण्यातले नव्हते. त्या सकाळी दोन दवाखान्यांनी आम्ही ससे पाहत नाही म्हणून सांगितलं. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर सशांचा जाणकार असतोच असं नाही. काही साधी अँटिबायोटिक, उदाहरणार्थ तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून त्याच्या जिवावर उठतात.

धावणाऱ्या खेळण्याची कवायत फाटक उघडल्यानंतर नव्हे, आधी घेणं अधिक चांगलं. आता अशा घरांत मी ती जाळीच्या टप्प्यावरच घालते आणि जाळीपलीकडचा सरावही मुद्दाम दिवेलागणीला ठेवते, ससे चळवळे असतात तेव्हा.

आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत हा प्रयोगच करू नये. आठवडे उलटूनही जाळीमागचा ससा पाहून जे जेवण टाकतात, किंचाळतात, दहा फुटांवरून मान वळवू शकत नाहीत, त्यांच्या घरी ताटातूट किंवा दुसरं घर हाच मार्ग. दुसऱ्या बाजूला काही ससे जाळीपलीकडच्या कुत्र्यालाही कधी सरावत नाहीत. त्यांचं वजन हळूहळू घसरत राहतं. तेव्हाही थांबायचं, कुत्रा कितीही गुणी असो.

हे कुटुंब येत्या उन्हाळ्यात मोठ्या फ्लॅटमध्ये जाणार आहे. कुत्रा एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप लागू करत नाही, त्यामुळे तिथे पुन्हा चादर बांधून, सात फरश्यांपासून सुरुवात होईल. सशांच्या खोलीच्या चौकटीचं माप घेऊन ते फॅब्रिकेटरला आधीच दिलं आहे, आणि मावशींना तिथेही बोलावलं आहे.